तक्त्यातल्या चौदा पिढ्या आणि बाबांचं गाव

वाचकाचं पत्र:

"माझं माहेरचं आडनाव पोतदार. बाबा ८६ वर्षांचे आहेत, माझ्याकडेच डोंबिवलीला असतात. गेल्या दिवाळीनंतर एका मंगल कार्यालयात पोतदारांचं कुलसंमेलन झालं. मी बाबांना घेऊन गेले. चारशेच्या वर माणसं होती. आई गेल्यापासून बाबांना इतकं खुललेलं मी पाहिलं नव्हतं. तिथे भिंतभर तक्ता लावला होता: सगळे पोतदार देवगिरीच्या यादवांच्या एका खजिनदाराचे वंशज, चौदा पिढ्या. नोंदणीच्या वेळी आम्ही बाबांच्या आजोबांचं नाव दिलं होतं, ते त्यातल्या एका फांदीला जोडलेलं दिसलं. पण गाव मराठवाड्यातलं लिहिलंय. बाबा तर लहानपणापासून सांगतात की आपण खटाव तालुक्यातले, कुलदैवत पालीचा खंडोबा. तक्त्यात तुळजाभवानी आहे. आता याचं पुस्तक निघणार आहे, घरटी पाच हजार मागितलेत. माझं आणि बहिणीचं नाव कुठे येणार, असं विचारलं तर म्हणाले, 'मुली सासरच्या वंशावळीत जातात.' आम्हाला भाऊ नाही. म्हणजे बाबांच्या नावाखाली काहीच नाही. पैसे भरू का? आणि खरं काय ते शोधायचं झालं तर कुठून सुरुवात करू? बाबांचा विरस करायची माझी इच्छा नाही."

ताई,

पैसे आत्ता भरू नका. आधी हा तक्ता घेऊन दहा मिनिटं हिशेब करू या.

देवगिरीच्या यादवांचं राज्य चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात संपलं. म्हणजे सातशे वर्षं झाली. बाबांचा जन्म १९३९ च्या आसपासचा. एका पिढीला सरासरी २८ वर्षं धरली आणि बाबांना धरून चौदा पिढ्या मागे गेलो, तर आपण १५७५ च्या आगेमागे पोचतो. यादव तिथून अडीचशे वर्षं आणखी मागे. तक्ता खरा ठरायचा तर या घरातल्या प्रत्येक पुरुषाला, पिढ्यान् पिढ्या, पन्नाशीच्या जवळ मुलगा झालेला असला पाहिजे. एखाद्या पिढीत असं होतं. सलग तेरा वेळा होत नाही.

दुसरी अडचण आडनावातच आहे. 'पोतदार' शब्द फारसीतून आला. त्याच्या शेवटचा 'दार' हा जमादार, फौजदार, ठाणेदार यांच्यातलाच. दरबारी कामांची ही फारसी नावं आपल्याकडे रुळली ती सुलतानी अमलात, आणि बहमनी राज्यच मुळी १३४७ चं. यादवांच्या पदरी खजिनदार असेल, नक्की असेल, पण त्याला कुणी पोतदार म्हटलं नसणार.

आणि पोतदार म्हणजे कोण? सरकारात भरणा होणारी नाणी पारखून देणारा. एका बाजारात पाच टाकसाळींचे रुपये फिरायचे, कुणाची चांदी कसाला उतरायची, कुणाची नाही. कोणत्या रुपयावर किती बट्टा, म्हणजे किती घट धरायची, हे सांगणारा भरवशाचा माणूस प्रत्येक पेठेला, प्रत्येक परगण्याला लागायचा. गावगाड्यात हे काम पुष्कळदा सोनाराकडे असे, काही ठिकाणी ते ब्राह्मण घराण्याकडे वतनानं चालत आलं. आज पोतदार आडनावाची माणसं एकाहून जास्त जातींत दिसतात ती त्यामुळे. जितक्या पेठा तितके पोतदार. त्या सगळ्यांचा एकच मूळपुरुष शोधणं म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्या कुलकर्ण्यांचा किंवा सगळ्या पाटलांचा एक आजोबा शोधण्यासारखं आहे.

आपली आडनावं फार काळ स्थिरही नव्हती, हे संमेलनं भरवणारे विसरतात. महात्मा फुल्यांचं घराणं मूळचं गोऱ्हे, खटाव तालुक्यातल्याच कटगुणचं. पुण्यात फुलांचा धंदा सुरू झाला आणि फुले नाव चिकटलं. नाना फडणवीस मूळचे भानू, फडणिशी घराण्यात आली म्हणून फडणीस. दीनानाथांनी मंगेशी गावावरून मंगेशकर लावलं, त्यांच्या वडिलांचं आडनाव ते नव्हतं. बाबासाहेबांचं घराणं सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. ही तर सगळ्यांना ठाऊक असलेली घराणी. सख्ख्या दोन भावांपैकी एकानं गावाचं नाव लावलं आणि दुसऱ्यानं कामाचं, अशी कुटुंबं हवी तितकी सापडतील. तेव्हा तुमचे खरे भाऊबंद त्या मंगल कार्यालयात आलेच नसतील. ते कुठेतरी 'अमुककर' म्हणून राहत असतील, आणि त्यांना तुमचा पत्ता नसेल.

म्हणून शोध आडनावापासून सुरू करू नका. बाबांपासून करा, आणि एक एक पायरीच मागे जा. मधली पायरी गाळून वरच्या पायरीवर उडी मारायची नाही. वंशावळी बिघडतात त्या याच एका गोष्टीने. वरच्या टोकाला मोठा माणूस ठेवतात, खालच्या टोकाला आपण असतो, आणि मधलं अंतर नावांनी भरून काढतात.

बाबांना 'आपला मूळपुरुष कोण' असं विचारू नका. त्याचं उत्तर ते आता तक्त्यातलंच देतील. त्यांना विचारा: तुमचे वडील पक्षाला कुणाकुणाची नावं घ्यायचे? श्राद्धात बाप, आजा, पणजा अशी तीन नावं घ्यावी लागतात, त्यांच्या बायकांचीही घेतात, आणि आईच्या माहेरचीही. लहानपणी भाद्रपदात पाटाशेजारी बसून ती नावं ऐकलेला मुलगा ८६ व्या वर्षीही ती तशीच म्हणू शकतो, लयीसकट. मग विचारा: सुतक कुणाचं पाळायचात? दहा दिवसांचं कुणाचं, तीन दिवसांचं कुणाचं? गावाहून कुणाचं कार्ड आलं की घरात देवपूजा थांबायची? ही माणसं म्हणजे तुमची खरी भाऊकी. आडनाव वेगळं असलं तरी सुतक बरोबर माणूस ओळखतं. माझ्या अनुभवात या एका प्रश्नानं जेवढी फांदी मोकळी होते तेवढी दुसऱ्या कशानं होत नाही.

बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. एका बैठकीत अर्धा तास पुरे, म्हाताऱ्या माणसाला दमवू नका. दोन दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा विचारलात तर नवीन दोन नावं निघतील. बाबांच्या बहिणी, चुलत बहिणी कुणी हयात असतील तर त्यांना आधी गाठा. लेकी घर सोडून जातात खऱ्या, पण माहेरची नाती त्यांच्याइतकी कुणी धरून ठेवत नाही.

आता माळ्यावरची भांडी खाली काढा. मी मनापासून सांगते आहे. जुन्या पितळी भांड्यांवर नावं कोरलेली असतात: कुणी दिलं, कुणाला दिलं, कधीकधी तिथी आणि साल. माझ्या आजोळी एक परात होती, काठ चेपलेला, आम्ही ती पापड वाळवायला वापरायचो. एका उन्हाळ्यात चिंच लावून घासली तेव्हा काठावर टिंबाटिंबांची ओळ उजळली. बोट फिरवलं की अक्षर आधी बोटाला लागायचं, मग डोळ्यांना दिसायचं. पणजीचं माहेरचं नाव होतं ते. सासरी तिचं नाव बदललं होतं आणि आमच्या वंशावळीत तिची नोंद 'भार्या' एवढीच होती. घरातल्या कुणालाच ती कुठली, कुणाची, हे माहीत नव्हतं. परातीवर तिच्या बापाचं नाव होतं, गाव होतं. त्या गावावरून आम्हाला एक अख्खं घर सापडलं. त्या घरच्या म्हाताऱ्यांना आमच्या पणजीचं लग्न कुठे झालं ते आठवत होतं आणि पुढचं काही ठाऊक नव्हतं. दोन्हीकडची अर्धी अर्धी गोष्ट ऐंशी वर्षं वेगवेगळी पडून होती.

भांड्यांबरोबर ट्रंकही उघडा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुन्या लग्नपत्रिका, घडीवर फाटलेल्या जन्मपत्रिका, पोथीच्या मलपृष्ठावर लिहिलेले जन्म-मृत्यू. जन्मपत्रिकेत बापाचं, पुष्कळदा आजाचंही नाव असतं. पोथीवरची नोंद तर पुष्कळदा घटना घडली त्याच सुमारास केलेली असते, तिला मी फार मानते.

एवढं झालं की गावाकडे वळा. बाबांना गाव ठाऊक आहे, ही तुमची सगळ्यांत मोठी ठेव. कित्येकांकडे तेवढंही नसतं. गावात जमीन होती का? असली तर ती आज तुमच्या नावावर नसेना का, कागद बोलतो. हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचे फेरफार, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदी, मिळण्याची आशा धरता येते. माणूस मेला की वारसाचा फेरफार पडतो: अमुक मयत, वारस अमुक अमुक. एका फेरफारात दोन पिढ्या सापडतात, कधी तीन. जुन्या उताऱ्यांवर 'ए. कु. मॅ.' दिसलं तर गोंधळू नका, ते एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. म्हणजे त्या नावामागे आणखी भाऊ आहेत. 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाप लवकर गेला, मुलं लहान होती आणि पुष्कळदा विधवा आईचं नाव तिथे लागलेलं असतं. वंशावळीनं गाळलेली बाई तलाठ्याच्या दप्तरात अशी भेटते. जमीन कुळकायद्यात गेली असेल तर तो फेरफारही काढा. १ एप्रिल १९५७ ला कुळं मालक झाली, पण त्या नोंदीत जुन्या मालकाचं नाव आहेच. जमीन कधीच नव्हती, फक्त राहतं घर होतं, असं असलं तर ग्रामपंचायतीची घरपट्टीची जुनी वही, म्हणजे नमुना ८, बघायला मागा.

तहसिलाच्या अभिलेख कक्षात आणखी एक वस्तू असते: कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, गावातल्या जन्म-मृत्यूंची नोंद. जुनी पानं मोडी लिपीत आहेत, म्हणून आजवर लोक तिकडे फिरकत नसत. कुणबी नोंदींचा शोध २०२३ मध्ये सुरू झाला तेव्हा हीच दप्तरं खाली उतरली, वाचली गेली, आणि पुष्कळ पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. त्यामुळे आता मोडी वाचणारा माणूस मिळणं पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. तुम्हाला स्वतःला सवड असेल तर शिकाच. राज्याच्या पुराभिलेख विभागाचे वर्ग असतात. महिनाभराच्या सरावानं निदान आपल्या आडनावाचा आकार पानावर ओळखता येतो, आणि शोधणाऱ्याला सुरुवातीला तेवढंच हवं असतं.

बाबांची तब्येत साथ देत असेल तर त्यांना एकदा नाशिकला न्या. कल्याणहून गाडी सोयीची आहे. रामकुंडावर आणि पुढे त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांकडे नामावळ्या आहेत, पिढीजात वह्या. अस्थी घेऊन, सिंहस्थाला, किंवा नुसत्याच यात्रेला आलेल्या माणसानं आपलं नाव, बापाचं, आजाचं, भावांचं, मुलांचं नाव आणि गाव लिहून सही करायची, अशी रीत. शोध आडनाव आणि मूळ गाव या दोन गोष्टींवर चालतो, म्हणून गाव नीट, जुन्या उच्चाराप्रमाणे सांगा. तालुके-जिल्हे बदलले असतील तर जुना तालुकाही सांगा. नोंद मिळालीच तर ती तुमच्या पणजोबांच्या हातची असू शकते. ते पान बाबांच्या हातात पडू द्या आणि तुम्ही थोडा वेळ काही बोलू नका. दक्षिणा द्या, मोकळ्या हातानं द्या. तुमच्या पाच हजारांतले थोडे तिथे खर्च झाले तर मला आनंद वाटेल. आणि निघण्यापूर्वी आजच्या तारखेची नवी नोंद करून या, त्यात तुम्हा दोघी बहिणींची आणि तुमच्या मुलांची नावं घाला.

तुमच्या घरात पोतदारीचं वतन खरोखरच चालत आलं असेल तर त्याहून मागेही जाता येतं. सातारा संस्थान १८४८ मध्ये खालसा झालं आणि त्यानंतरच्या दशकात इनाम कमिशननं वतनं-इनामांची कसून चौकशी केली. लोकांना आपापले हक्क कागदानिशी सिद्ध करावे लागले. ती कागदपत्रं, पेशवे दफ्तर आणि सातारकर छत्रपतींचं दफ्तर पुणे पुराभिलेखागारात आहे. भारत इतिहास संशोधक मंडळही पुण्यातच, १९१० पासूनचं. दत्तो वामन पोतदारांनी या मंडळासाठी आयुष्य वेचलं, हे बाबांना सांगा, त्यांना आवडेल. (आपलेच म्हणून मात्र सांगू नका, ते कोकणातले.) वतनाचा तंटा झाला की दोन्ही पक्ष आपला करीना, म्हणजे हक्काची हकीकत, लिहून द्यायचे, त्यात चार-पाच पिढ्यांचा इतिहास यायचा, गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या पंचांपुढे, महजर, म्हणजे लेखी निवाडा, व्हायचा. आपल्याकडच्या सर्वांत चांगल्या वंशावळी अशा भांडणांतूनच वाचल्या आहेत. पण जपून. वतनासाठी खोटे कागद तेव्हाही व्हायचे, निवाडपत्रांत असे कागद पकडल्याचे उल्लेख येतात. जुना आणि मोडीतला एवढ्यावरून कागद खरा ठरत नाही. त्याच्या उलट बाजूचा कागदही पाहावा लागतो.

खंडोबा आणि तुळजाभवानीचं विचारलंत. एवढ्या एका फरकावरून तक्ता खोटा म्हणू नका, कारण पुष्कळ घरांत कुलस्वामी खंडोबा आणि कुलस्वामिनी भवानी असे दोन्ही असतात. घरात लग्नानंतर खंडोबाचं जागरण होतं की भवानीचा गोंधळ, की दोन्ही, ते बाबांना विचारा. मात्र कुलदैवत हे आडनावापेक्षा चिवट असतं, हे खरं. पोर्तुगीज अमलात गोव्यातून लोक देव घेऊन निघाले, मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला. माणसं कारवारकडे, त्याखाली मंगळूरकडे गेली, काहींची भाषा बदलली, आडनावं बदलली, पण नवसाला पाय त्याच देवळाकडे वळतात. म्हणून कुणी पोतदार 'आपण एकच' म्हणत आला तर आडनाव बाजूला ठेवा आणि चार गोष्टी विचारा: मूळ गाव, कुलदैवत, गोत्र किंवा देवक, आणि सुतक. गावासकट तीन जुळल्या तर त्यांना चहाला बोलवा आणि दोन्हीकडचे कागद टेबलावर पसरा. नुसतं आडनाव जुळलं तर चहाच पुरे.

आता मुलींचं. या उत्तराचा मला राग आला, आणि तो लपवत नाही. 'मुली सासरच्या वंशावळीत जातात' म्हणणाऱ्यांनी सासरच्या वंशावळी उघडून पाहाव्यात. तिथे त्या 'भार्या' असतात, किंवा नसतातच. १९९४ पासून महाराष्ट्राच्या कायद्यानं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा जन्मतः हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला. आज बाबांच्या मागे तलाठी वारसनोंद करायला बसला तर तुमची दोघींची नावं लिहिल्यावाचून त्याचा फेरफार पुरा होणार नाही. सरकारी वहीत ज्यांना जागा आहे त्यांना कुळाच्या पुस्तकात नाही, हे संयोजकांना लेखी कळवा. भांडण नको, दोन ओळी पुरेत: आमच्या शाखेत मुलींची नावं येणार असतील आणि आमचं गाव दुरुस्त होणार असेल तर वर्गणी देऊ, नाहीतर बाबांच्या आजोबांचं नाव त्या फांदीवरून काढा. सोबत एक प्रश्न विचारा: आमचं नाव त्या फांदीला कशाच्या आधारे जोडलंत? आधार असेल तर ते आनंदानं दाखवतील, आणि तो मलाही बघायला आवडेल.

बाबांचा विरस होईल, ही तुमची भीती. मला वाटतं, त्या दिवशी बाबा यादवांच्या खजिनदारामुळे खुलले नव्हते. चारशे माणसं त्यांना 'काका, कुठले तुम्ही?' म्हणून विचारत होती, म्हणून खुलले. तो तक्ता त्यांच्याकडून हिसकावून घेऊ नका, खोटा आहे असं रोज सांगूही नका. तुम्ही रोज संध्याकाळी अर्धा तास 'कुठले आपण?' एवढंच विचारत राहा. एक मोठा कागद आणा, त्यात खाली तुम्ही दोघी आणि तुमची मुलं, वर बाबा आणि आई, आईच्या माहेरच्या आडनावासकट. त्याच्या वर जे नाव कागदात किंवा भांड्यावर सापडलं ते शाईनं, जे नुसतं ऐकीव आहे ते पेन्सिलनं. बाबांनाच लिहू द्या, त्यांचं अक्षरही राहील. शाईची चार-पाच पिढ्यांची वंशावळ झाली तरी चौदा छापील पिढ्यांपेक्षा ती मला अधिक मोलाची वाटेल. एक खबरदारी घ्या: हा कागद नातेवाइकांत फिरवाल तेव्हा हयात माणसांच्या जन्मतारखा आणि फोन नंबर त्यावर नकोत.

रविवारी भांडी काढलीत की आधी बाबांच्या आईचं भांडं कोणतं ते त्यांनाच दाखवायला सांगा. त्यावर काय कोरलंय ते मला जरूर कळवा. अक्षर पुसट असेल तर वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा, नाव उमटेल.